जुना कॉम्प्युटर भंगारात देताय? आधी झाकण उघडा, पण ॲसिडची बाटली लांबच ठेवा!

भोंगा लावलेला टेम्पो गल्लीत शिरतो. "लोखंड, पत्रा, जुना टीव्ही, कॉम्प्युटर, बॅटरी…" घरातल्या बाईला पोटमाळ्यावरचा कॉम्प्युटर आठवतो. पोराने बारावीला असताना घेतलेला, पाच-सहा वर्षं बंदच. भंगारवाला तो ताणकाट्याला अडकवतो, "नऊ किलो भरला काकू" म्हणतो आणि लोखंडाच्या भावाने पैसे मोजून निघून जातो. काकू खूश, कारण अडगळ गेली. भंगारवाला जास्त खूश, कारण त्या नऊ किलोत लोखंड जेमतेम साडेपाच-सहा किलोच होतं. बाकीचं काय होतं, ते त्याला माहीत असतं आणि विकणाऱ्याला नसतं. सगळा नफा या एका गोष्टीत आहे.

गावोगावी असे डबे आता फार झालेत. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली तेव्हापासून तालुक्याच्या प्रत्येक बाजारगावात दहा-वीस मशीनचे क्लास उभे राहिले. पुढे शाळांच्या संगणक खोल्या आल्या, ग्रामपंचायतीत संग्राम केंद्रं आली. पतसंस्था, दूध संस्था, झेरॉक्सची दुकानं यांनीही कॉम्प्युटर घेतले. त्यातले निम्मेअधिक आज कोपऱ्यात धूळ खात आहेत. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा मोफत आधार बंद झाला आणि विंडोज ११ जुन्या मशीनवर रीतसर बसत नाही. म्हणजे चालू असलेली मशीनंही आता भंगाराच्या रांगेत येऊन उभी राहणार.

दुसरीकडे मोबाईलवर व्हिडिओंचा पाऊस आहे. 'रॅममधून सोनं काढा', 'घरबसल्या ई-कचऱ्यातून कमाई'. प्लास्टिकच्या टबात बोर्ड टाकायचे, वरून ॲसिड ओतायचं आणि शेवटी चकचकीत पिवळी गोळी हातात! व्हिडिओ दहा मिनिटांचा असतो. त्यात न दाखवलेला हिशेब पुढे येईलच. आधी डबा उघडू.

डब्यात काय काय निघतं?

आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आत पंख्याखाली बसलेला काडेपेटीपेक्षा लहान चौकोनी तुकडा, प्रोसेसर. डबा उघडायला एक फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. वीज काढून मशीन एक दिवस तसंच ठेवावं आणि मग हात घालावा.

साधारण नऊ किलोच्या डब्याचं वजन असं वाटलेलं असतं: पत्र्याचा सांगाडा पाच किलोच्या आसपास, वीज पुरवणारा डबा म्हणजे एसएमपीएस सव्वा ते दीड किलो, मदरबोर्ड पाऊण किलो, हार्ड डिस्क अर्धा किलो, सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह सहा-सातशे ग्रॅम, प्रोसेसरवरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि पंखा मिळून तीन-चारशे ग्रॅम, बाकी तारा. कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं. लोखंडाचा भाव किलोला ३० रुपये धरला, तर अख्ख्या डब्याचे झाले २७० रुपये.

आता हाच डबा सुटा करा. सांगाडा आणि ड्राइव्ह लोखंडात गेले तरी पावणेदोनशेच्या जवळ सुटतातच. म्हणजे भंगारवाल्याने जे दिलं, त्यातलं निम्म्याहून जास्त नुसत्या पत्र्यातच वसूल. ॲल्युमिनियमचा ठोकळा वेगळ्या भावाने जातो. तांब्याचा भाव लोखंडाच्या किमान पंधरा-वीस पट, ॲल्युमिनियमचा तांब्याच्या साधारण चौथा हिस्सा, हे प्रमाण डोक्यात ठेवलं की ताणकाट्यापुढे फसायला होत नाही. भाव रोज हलतो, प्रमाण एवढं हलत नाही.

पण खरी कमाई धातूत नाहीच. ती चालू पार्टमध्ये आहे, आणि सोन्याच्या मागे लागलेली पोरं नेमकी इथेच चुकतात.

चालू पार्टला गिऱ्हाईक आहे

रॅमची पट्टी पंधरा-वीस ग्रॅमची. भंगारात तिची किंमत चहाच्या दोन-चार कपांची. पण तीच पट्टी चालू असेल तर रिपेअरिंगवाला काही शे रुपये देतो. २०२५ च्या शेवटी तर एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरातला मेमरीचा माल उचलला, नव्या रॅमचे भाव कडाडले आणि जुन्या डीडीआर४ पट्ट्यांनाही मागणी आली. अशा वेळी चालू पट्टी ॲसिडात बुडवणं म्हणजे दुभती म्हैस कसायाला देण्यासारखं.

पट्टी बंद आहे असं वाटलं तरी लगेच टाकू नये. तिच्या खालच्या कडेची सोनेरी दातं शाळेतल्या खोडरबरने हलक्या हाताने पुसावीत, मऊ कापडाने झटकावीत आणि पुन्हा लावून बघावी. तालुक्याच्या गावातले जुने मेकॅनिक पहिलं काम हेच करतात. वर्षानुवर्षं दमट खोलीत पडलेल्या मशीनमध्ये 'चालू होत नाही, नुसतं बीप वाजतं' या तक्रारीचं कारण बरेचदा तेवढंच असतं. मेमटेस्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवलं की पट्टी खरोखर धड आहे का ते कळतं.

प्रोसेसर सहसा मरत नाही. मदरबोर्ड मरतो, एसएमपीएस मरतो, प्रोसेसर टिकून राहतो. तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय-थ्री, आय-फाय्व्ह आजही सेकंडहँड बाजारात विकले जातात. काढताना एकच काळजी घ्यायची: इंटेलच्या त्या पिढ्यांत बारीक पिना बोर्डाच्या खाचेत असतात, जुन्या एएमडीत त्या प्रोसेसरलाच असतात. पीन वाकली की किंमत गेली. कोरडा पडलेला पेस्ट असेल तर ठोकळा ओढून उपटू नका, आधी हलकेच डावी-उजवीकडे फिरवा.

एसएमपीएसचं गिऱ्हाईक तर गावातच असतं. गाडीचा टेप घरात वाजवायचा, १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या लावायच्या, त्याला हाच डबा लागतो. मोठ्या जोडणीतली हिरवी तार काळ्या तारेला जोडली की तो मदरबोर्डाशिवाय सुरू होतो. मीटर लावून पिवळ्या तारेवर १२, लाल तारेवर ५ आणि नारिंगी तारेवर ३.३ व्होल्ट मिळतात का ते पाहायचं. पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला तर तो चालू म्हणून विकू नये, गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येतं.

पंख्याचंही तसंच. १२ व्होल्टचा कॅबिनेट फॅन गावठी कोंबड्यांची अंडी उबवायचं मशीन घरी बनवणारे शोधत असतात. थर्माकोलच्या पेटीत हवा फिरवायला तो अगदी मापाचा. नवा घेण्यापेक्षा जुना निम्म्यात मिळाला तर कोण नको म्हणेल?

मॉनिटर, अडॅप्टर, केबल, कीबोर्ड हे सगळं चालू असेल तर चालू म्हणूनच जावं. गावात गिऱ्हाईक नसेल तर तालुक्याचा रिपेअरिंगवाला आहे, त्याच्यापुढे पुण्याची तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे. दहा-पंधरा पार्ट साठवून एकदम नेले तर एसटीचं भाडं परवडतं, एक रॅम घेऊन पुण्याला जाण्यात अर्थ नाही. प्रत्येक पार्टवर टेप लावून 'चालू', 'बंद', 'तपासायचा' असं लिहून ठेवावं. बंद माल चालू सांगून खपवला की तालुक्याच्या बाजारात नाव खराब व्हायला एक आठवडा पुरतो. आठ दिवसांची टेस्टिंग वॉरंटी देणाऱ्याकडे लोक परत येतात.

आणि अख्खं मशीनच चालू असेल तर? मग ते मोडूच नये. चार जीबी रॅम आणि साधी एसएसडी टाकली, लिनक्स मिंटसारखी फुकट सिस्टीम बसवली, की दुकानाचं बिलिंग, टायपिंग, मुलांचा अभ्यास एवढ्याला दहा वर्षं जुनं मशीनही धावतं. मोडून जेवढे मिळतील त्याच्यापेक्षा हे जास्तच देतं.

आता सोन्याचा हिशेब

सोनं आहे, हे खोटं नाही. रॅमच्या दातांवर, प्रोसेसरच्या पिनांवर, मदरबोर्डाच्या खाचांत सोन्याचा मुलामा असतो, कारण सोनं गंजत नाही आणि वीज नीट वाहते. प्रश्न आहे तो जाडीचा. हा मुलामा एक मायक्रॉनपेक्षाही कमी जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, डोक्याचा केस त्याच्या पन्नास-साठ पट तरी जाड.

डीडीआर३ च्या पट्टीला २४० दातं असतात. सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ साडेचार चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढं. मुलामा पाऊण मायक्रॉनचा, म्हणजे चांगल्यातला चांगला धरला तरी सोनं निघालं सहा-साडेसहा मिलीग्रॅम. एक ग्रॅम सोन्याला झाल्या किमान दीडशे पट्ट्या. त्याही चांगल्या कंपनीच्या, आणि एक कणही वाया गेला नाही असं धरून. हलक्या पट्ट्यांवर मुलामा याच्या निम्म्याहूनही कमी असतो. सोनं ग्रॅमला दहा-बारा हजार धरलं तर एका पट्टीतून आले साठ-ऐंशी रुपये. त्यातून ॲसिडचा खर्च वजा करा. आणि चालू पट्टी किती शेला जाते ते वर आलंच आहे.

जपानने टोकियो ऑलिंपिकची पदकं जुन्या उपकरणांतून केली, ही बातमी अनेकांनी वाचली असेल. त्यासाठी २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत ७८,९८५ टन लहान उपकरणं गोळा झाली, त्याशिवाय लोकांनी ६२ लाखांहून जास्त मोबाईल दिले. एवढ्या ढिगातून सोनं निघालं ३२ किलो, चांदी साडेतीन हजार किलो आणि ब्राँझसाठीचा धातू २,२०० किलो. तेही मोठ्या कारखान्यांत. यात मिक्सर-इस्त्रीसारखा मालही होता, त्यामुळे थेट बोर्डांशी तुलना नको, पण पोत्याभर मदरबोर्डातून घरच्या टबात तोळाभर सोनं निघत नाही हे समजायला एवढं पुरे.

मोठे कारखाने हे काम करतात ते वेगळ्या पद्धतीने. बेल्जियममधल्या होबोकेन इथली उमिकोर कंपनीची भट्टी जगभरातले बोर्ड वितळवते आणि तांबं, सोनं, चांदी, पॅलेडियम असे अनेक धातू एकाच कामात वेगळे करते. तिथला धूर धुऊन, गाळून मगच बाहेर सोडतात. तिथे नफा होतो तो हजारो टनांमुळे आणि एका ऐवजी पंधरा-सतरा धातू निघाल्यामुळे. टबात फक्त सोन्याच्या मागे लागणारा बाकीचे सगळे धातू गटारात ओततो.

ॲसिडचा धूर लगेच मारत नाही, म्हणूनच घातक

व्हिडिओत वापरतात ते नायट्रिक ॲसिड किंवा नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिकचं मिश्रण. धातूवर पडलं की तपकिरी-तांबूस धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. त्याची खोड अशी की हुंगल्यावर थोडा खोकला येतो, घसा जळजळतो, मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं. माणूस जेवतो, झोपतो. आणि काही तासांनी, कधी रात्रीतून, फुप्फुसांत पाणी भरायला लागतं. तेव्हा दम लागतो, ओठ निळे पडतात. ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोचायला तास लागत असेल तर हा तास फार मोठा असतो. त्यामुळे असा धूर कुणाच्या नाकात गेला असेल तर 'आता बरं वाटतंय' यावर विसंबू नये. लगेच दवाखान्यात नेऊन कोणता धूर होता ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. लाजून 'धुळीने खोकला झाला' असं सांगितलं तर उपचार चुकतो. रुमाल, कोरोनातला मास्क यांनी हा वायू अडत नाही.

उरलेलं ॲसिड जातं कुठे? मोरीत, नाल्यात, नाहीतर घरामागच्या खड्ड्यात. त्यात विरघळलेलं तांबं, शिसं, निकेल असतं. खड्ड्यापासून पन्नास पावलांवर बोअर असेल तर पुढचं सांगायला नको.

दुसरा प्रकार तारा जाळण्याचा. गावाबाहेर, ओढ्याकाठी संध्याकाळी काळा धूर दिसतो, तो बरेचदा हाच. तारेवरचं प्लास्टिक पीव्हीसीचं असतं. ते जळताना आम्लाचा धूर आणि डायॉक्सिन नावाची विषं निघतात. डायॉक्सिन राखेतून मातीत, गवतातून जनावरात आणि तिथून दुधात उतरतं, शरीरातून लवकर जात नाही. आणि एवढं करून मिळतं काय? जळून काळं पडलेल्या तांब्याला सोललेल्या लाल तांब्यापेक्षा भाव कमी. ब्लेडने किंवा सोलायच्या छोट्या हातमशीनने जाड तारा सोलाव्यात. बारीक तारा सोलत बसण्यात दिवस जातो, त्या प्लास्टिकसकट विकलेल्या बऱ्या, तशा घेणारे असतात.

तिसरा प्रकार शेगडीवर बोर्ड तापवून चिप सोडवण्याचा. २००६ च्या आधीच्या बोर्डांत कथील-शिशाचं सोल्डर हमखास, त्यात ३७ टक्क्यांपर्यंत शिसं. शिसं लहान पोरांच्या मेंदूवर जातं, आणि हे काम घरातल्या शेगडीवर, घरातल्याच बाया-पोरांच्या हातून होतं. बोर्ड अख्खा विकला तर व्यापारी जास्त भाव देतो. चिपा उपटलेल्या बोर्डाचा भाव तो पाडतोच.

उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या कारागिरांना धातू गाळायची कला होतीच, म्हणून देशभरातले बोर्ड तिकडे जायला लागले. रामगंगा नदीच्या काठावर जळक्या बोर्डांच्या काळ्या राखेचे ढीग साचले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. दिल्लीचं सीलमपूरही याच कामासाठी ओळखलं जातं. आपल्या तालुक्यातून टेम्पोत गेलेला माल मुंबईच्या कुर्ला-धारावीकडून फिरत फिरत तिकडेही पोचू शकतो.

हात न लावायच्या तीन वस्तू

जुना ढेरपोट्या मॉनिटर. त्याच्या काचेत शिसं असतं, तेही थोडंथोडकं नाही, किलोच्या मापात. काचेच्या आत निर्वात पोकळी असते, हातोडा मारला की काच आतल्या बाजूला फुटून उडते. रंगीत मॉनिटरच्या आतल्या जोडणीवर चालू असताना वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही काळ झटका बसू शकतो. भंगारवाले मागच्या मानेवरची तांब्याची गुंडाळी तोडून घेतात आणि काच ओढ्यात टाकतात. अख्खा मॉनिटर नोंदणी असलेल्या केंद्राला द्यावा, पैसे मिळाले नाहीत तरी. सपाट मॉनिटरपैकी जुन्या मॉनिटरांत एलईडीऐवजी पाऱ्याच्या बारीक नळ्या असतात, तेही फोडू नयेत.

दुसरी वस्तू एसएमपीएसच्या आतला भाग. त्यातले दोन मोठे कॅपॅसिटर तीनशे व्होल्टच्या वर वीज धरून ठेवतात. बंद पडलेला एसएमपीएस झाकण न उघडता तसाच विकावा.

तिसरी, लॅपटॉपची बॅटरी. आत सहा-आठ गोल सेल असतात, त्यातले दोन-तीन खराब झाले की बॅटरी मरते, बाकीचे धड असतात हे खरं. म्हणून पोरं ते सोडवून टॉर्च आणि पॉवर बँक करतात. पण ओरबाडताना पत्रा टोचला, किंवा दोन टोकं एकमेकांना चिकटली, की सेल पेट घेतो आणि ती आग पाण्याच्या बादलीत सहज विझत नाही. संरक्षण सर्किट आणि मापायची साधनं नसतील तर नाद सोडावा. टोकांना टेप लावून कोरड्या जागी, गवतापासून लांब ठेवाव्यात. फुगलेली बॅटरी तर दाबूही नये.

यूपीएसची बॅटरी वेगळी. ती शिशाची, १२ व्होल्ट ७ अँपिअरची, फवारणी पंपात असते तशीच. थोडा जीव असेल तर काही दिवस पंपावर चालते, नसेल तर बॅटरीच्या दुकानात बदलीत द्यावी, तिला वजनाप्रमाणे पैसे कापून मिळतात. फोडून शिसं काढायला जाऊ नये. यूपीएसच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये मात्र एक गंमत आहे. तो जड असतो, गुंडाळी तांब्यासारखी लालसर दिसते, आणि ब्लेडने खरवडलं की आत पांढरं ॲल्युमिनियम निघतं! स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसमध्ये असंच असतं. घेणाऱ्यानेही खरवडून बघावं आणि विकणाऱ्यानेही.

हार्ड डिस्क: धातूपेक्षा आतला मजकूर महाग

सेवा केंद्राच्या, पतसंस्थेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये काय असतं? शेकडो लोकांच्या आधारच्या, पासबुकांच्या, सात-बाराच्या कॉपी, फोटो, सह्या. 'डिलीट केलंय' किंवा 'फॉरमॅट मारलाय' म्हणजे गेलं असं नाही. झटपट फॉरमॅटमध्ये फक्त यादी पुसली जाते, मजकूर तिथेच राहतो आणि फुकटच्या सॉफ्टवेअरने परत येतो. डिस्क चालू असेल तर पूर्ण डिस्कवर शून्य लिहिणारं सॉफ्टवेअर एकदा चालवावं, त्याला काही तास लागतात. मगच विकावी. बंद डिस्क असेल तर तिच्या मधोमध ड्रिलने आरपार भोकं पाडावीत, डोळ्यांना चष्मा लावून, कारण काही डिस्कच्या तबकड्या काचेच्या असतात. भोकं पाडली तरी ॲल्युमिनियमचा भाव मिळतोच. आतले दोन चुंबक फार ताकदीचे असतात, बोटं चिमटतात आणि लहान मुलांच्या हाती तर ते अजिबात पडू देऊ नयेत.

धंदा करायचा तर कागद लागतो

आपल्या घरचा एक कॉम्प्युटर सुटा करून विकणं वेगळं आणि गावोगावचा माल गोळा करून दुकान थाटणं वेगळं. १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. त्यानुसार जुनी उपकरणं दुरुस्त करून विकणारे आणि त्यातला धातू काढणारे यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची असते. नोंदणी असलेल्यांनी नोंदणी नसलेल्यांशी व्यवहार करू नये असंही त्यात आहे. तालुक्याच्या पातळीवर लहान धंदा सुरू करणाऱ्याने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या उपप्रादेशिक कार्यालयात आधी विचारून घेतलेलं बरं. या कामातल्या मजुरांची नोंद करणं, त्यांचे गट बांधणं आणि त्यांना प्रशिक्षण देणं ही जबाबदारी याच नियमांनी राज्य सरकारवर टाकली आहे. कागदावर ती आहे, भंगारवाल्याच्या झोपडीपर्यंत किती आली हे त्याच्या हातावरचे ॲसिडचे डाग बघून ज्याने त्याने ठरवावं.

या नियमांचा एक पैशाचा भागही आहे. उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांनी ठरावीक वजनाचा माल पुनर्वापरात गेल्याचं प्रमाणपत्र विकत घ्यायचं असतं. त्याला सरकारने किमान दर बांधून दिला, घरगुती उपकरणांसाठी किलोला २२ रुपये, आणि त्याविरुद्ध काही कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. हा पैसा नोंदणी असलेल्या कारखान्याला मिळतो. म्हणूनच असे कारखाने माल शोधत असतात, आणि त्यांना एकत्र, वर्गवारी केलेला माल देणाऱ्याला बोलायला जागा असते.

माल घेताना कागद हवाच. कुणी रात्री चार मॉनिटर आणून 'घ्या कमी भावात' म्हणाला तर ते शाळेतले चोरीचे असू शकतात. चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. देणाऱ्याचं नाव, सही, आधारची प्रत आणि पार्टचे सिरीयल नंबर वहीत लिहून ठेवावेत.

शाळा आणि ग्रामपंचायतीचा माल तर मुख्याध्यापक किंवा ग्रामसेवक स्वतःच्या मनाने विकू शकत नाहीत. तो डेडस्टॉक रजिस्टरला चढवलेला असतो. आधी निर्लेखनाचा प्रस्ताव, मग वरची मंजुरी, मग लिलाव किंवा नोंदणी असलेल्या केंद्राला देणं, असा रस्ता आहे. तो लांबतो, म्हणून अनेक शाळांत संगणक खोलीची अडगळ खोली झाली आहे आणि मुलं व्हरांड्यात बसतात. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना हा विषय मासिक बैठकीत घेता येतो. प्रस्ताव पाठवला आहे का, पाठवला असेल तर त्याचा जावक क्रमांक काय, एवढं विचारलं तरी फाईल हलते. आणि प्रस्तावासोबत प्रत्येक मशीनचं 'चालू, दुरुस्त होईल, बंद' असं तपासणीचं पान जोडलं तर दहा मशीनमधून तीन-चार धड मशीनं उभी करून शाळेतच ठेवता येतात का, हेही त्याच बैठकीत बघता येईल.